व्हिसा कंपनीचा, शहर आपले: कोल्हापुरातून निघालेल्या सिंगापूर सहलीचे परीक्षण

भाऊबीज उरकली की कोल्हापुरातून परदेशी सहलींच्या गाड्या सुटू लागतात. यंदा त्यांतल्या एका गाडीत आम्हीही होतो. मी, माझे यजमान, बारावी झालेला मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई अशा चौघांसाठी शहरातील एका प्रवास कंपनीकडून सिंगापूरची चार रात्री-पाच दिवसांची गट-सहल माणशी ९५,००० रुपयांना घेतली आणि गट परतल्यावर आणखी तीन दिवस स्वखर्चाने तेथेच राहिलो. एकच शहर आधी कंपनीच्या बसच्या काचेतून आणि नंतर स्वतःच्या पायांनी पाहिल्यामुळे दोन्हींची तुलना आपोआप झाली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गटातील अनुभवी जोडप्यांच्या सांगण्यावरून इतरांच्या सहलींचा साचाही फारसा वेगळा नसतो. माझे मत आधीच सांगून टाकते: व्हिसा, विमान आणि हॉटेल या तीन गोष्टींसाठी कंपनीला दिलेले पैसे वसूल झाले, शहर दाखवण्यासाठी दिलेले मात्र झाले नाहीत.

व्हिसाचे काम कंपनीने चोख केले, हे आधी मान्य करायला हवे. भारतीय पारपत्रावर सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि सर्वसाधारण पर्यटकाला तो अधिकृत एजंटामार्फतच मागावा लागतो, त्यामुळे येथे मध्यस्थ टाळण्यात काही शहाणपण नाही. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे. त्यावर कंपनी सेवाशुल्क लावते, आणि आमच्या बाबतीत ते रास्त होते. यजमानांच्या पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून कमी उरते, हे कार्यालयातील मुलीने ऑगस्टमध्येच हेरले आणि नूतनीकरणाला पाठवले. तिने ते हेरले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. प्रवेशपत्राच्या बाबतीत मात्र कंपनीने हात मारला. सिंगापूरला उतरणाऱ्या प्रत्येकाला आगमनाच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यात पारपत्राची माहिती, हॉटेलचा पत्ता आणि आरोग्याविषयीचे दोन-तीन प्रश्न यांपलीकडे काही नाही आणि माझ्या मुलाने चौघांचे अर्ज अर्ध्या तासात भरले. कंपनी त्यासाठी माणशी ५०० रुपये घेत होती. शिवाय याच नावाशी साम्य असलेली, पैसे मागणारी खाजगी संकेतस्थळेही आहेत, तेव्हा पत्ता नीट पाहूनच अर्ज भरावा.

कंपनीने दिलेल्या सूचनापत्रकात टोपी, छत्री, कापडी बूट असे सगळे होते, पण कोल्हापूरकराला खरोखर गरज असलेली सूचना नव्हती. दिवाळीनंतरची सहल म्हटल्यावर प्रत्येक घरातून फराळाचा डबा निघतोच, आणि आमच्या डब्यात अनारसे होते. अनारशावर खसखस असते. खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून सिंगापूरचा अमली पदार्थ विभाग ती प्रतिबंधित वस्तूंत धरतो, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत त्या देशाचे कायदे जगातील सर्वांत कठोर कायद्यांत गणले जातात. हे मुलाने निघण्याच्या आदल्या रात्री वाचले तेव्हा अनारसे शेजारच्या घरी गेले आणि चकल्या-शंकरपाळे डब्यात राहिले. आपल्या कांदा-लसूण मसाल्यातही बऱ्याच घरी खसखस भाजून घालतात, हे लक्षात घेऊन मसाल्याची पिशवीही घरीच ठेवली. तंबाखूचेही तसेच आहे. गुटखा, खैनी आणि जर्दा तेथे चालत नाहीत, इ-सिगारेट जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा आहे, आणि सिगारेटींना शुल्कमाफी नसल्यामुळे एक पाकीटही जाहीर करावे लागते. गटातील एका काकांनी तंबाखूची डबी आणि चुन्याची नळी मुंबईच्या विमानतळावरील कचराकुंडीत टाकली, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी बरोबर होतीच, तरी झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे नेण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते, हेही पत्रकात असायला हवे होते.

कोल्हापूरहून पहाटे पाचला निघालेली गाडी कराड, सातारा, खंबाटकी आणि पुण्याबाहेरची नेहमीची कोंडी पार करून संध्याकाळी मुंबईच्या विमानतळावर पोहोचली. इतक्या लवकर निघण्यावरून कुरकुर करणारे आम्ही सगळे पुण्याजवळ गप्प झालो. विमान रात्री साडेअकराचे, प्रवास साडेपाच तासांचा आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे आम्ही उतरलो तेव्हा तेथे सकाळचे साडेसात वाजले होते. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार होती. कंपनीने यावर काढलेला तोडगा म्हणजे विमानतळावरून थेट ‘सिटी टूर’. न आंघोळ केलेली, न झोपलेली बत्तीस माणसे एका बसमध्ये कोंबून विषुववृत्तापासून दीड अंशापेक्षाही जवळ असलेल्या शहरात उन्हात फिरवायची, हा कार्यक्रम कोणी आखला असेल त्याने स्वतः तो एकदाही केलेला नसावा. सासूबाई दुसऱ्या थांब्यानंतर बसमधून उतरल्याच नाहीत. सहल ठरवताना खोली सकाळीच मिळेल का, निदान सामान ठेवून आंघोळ करता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे. ज्येष्ठ बरोबर असतील तर दिवसाचे विमान घेणे किंवा आदल्या रात्रीपासूनच खोलीचे भाडे भरणे परवडते.

त्या सिटी टूरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ८.६ मीटर उंचीच्या मर्लायन या सिंहमुखी, माशाच्या शेपटीच्या पुतळ्यापुढे चाळीस मिनिटे छायाचित्रांसाठी मिळाली. तेथून पूल ओलांडून दहा मिनिटे चालले की एस्प्लनेड पार्क लागते. त्या उद्यानात आझाद हिंद सेनेच्या अज्ञात सैनिकांचे स्मारक १९४५ साली उभे राहिले होते. परतलेल्या ब्रिटिश सैन्याने ते पाडले आणि त्या जागेवर १९९५ साली खूणफलक बसवला गेला. शेजारच्याच पडांग मैदानावर जुलै १९४३ मध्ये नेताजींनी सेनेची मानवंदना घेतली होती. मराठी माणसांची बस त्याच्या इतक्या जवळ उभी असताना ते कार्यक्रमपत्रिकेत नसावे, याची मला अजूनही चुटपुट आहे. आम्ही ते नंतर, गट गेल्यावर पाहिले.

आता जेवणाबद्दल, कारण कोल्हापूरचा माणूस सहलीचे मूल्यमापन शेवटी त्यावरच करतो. कंपनीने चारही रात्री भारतीय हॉटेलातील बुफे ठेवला होता: पनीरची एक भाजी, डाळ, जिरा राईस, नान आणि तांबड्या रंगाचे पण चवीला गोडसर असे चिकन. वाईट नव्हते, पण तेथे जाण्या-येण्यातच दररोज तास-दीड तास जायचा. शिरोळ तालुक्यातील जैन कुटुंबासाठी कंपनीने कांदा-लसणाशिवाय वेगळे ताट मागवले, आणि ते न चुकता आले, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. गटातील मुस्लिम कुटुंबाने मात्र दुसऱ्याच दिवशी बुफे सोडला आणि अरब स्ट्रीट परिसरात मुर्तबाक हा सारण भरलेला परोटा खाऊन, तृप्त होऊन परत आले. त्या कुटुंबातील आजोबांनी आम्हाला जे सांगितले ते कंपनीच्या कोणत्याही पत्रकापेक्षा उपयोगी होते: “वहिनी, इथं भूक लागली तर बसची वाट बघू नका, खाली उतरा आणि जिथं गर्दी आहे तिथं बसा.”

ती गर्दी म्हणजे हॉकर सेंटर. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने एका छताखाली ओटे, पाणी आणि गटार देऊन बसवले, त्यातून ही केंद्रे घडली, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्या खाऊगल्लीची स्वच्छ, पंखे लावलेली, नळाला पाणी असलेली बहीण अशी कल्पना करावी. एका रांगेत मलाय, दुसऱ्या रांगेत चिनी, तिसऱ्या रांगेत तमिळ आणि उत्तर भारतीय मुस्लिम पदार्थ, आणि मधल्या टेबलांवर हे सगळे एकत्र. पद्धत ठाऊक नसली तर पहिल्या वेळी गोंधळ उडतो, म्हणून सविस्तर सांगते. आधी जागा धरायची. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट किंवा छत्री ठेवलेली दिसली तर ती विसरलेली नसून जागा राखलेली असते, आणि त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला एक क्षणही लागला नाही. मग एकाने टेबलापाशी थांबायचे, बाकीच्यांनी वेगवेगळ्या ओट्यांवर जाऊन रांगेत उभे राहायचे, पैसे देऊन ताट स्वतः आणायचे. पेयांचा ओटा बहुधा वेगळा असतो. खाऊन झाल्यावर ट्रे ठरलेल्या जागी नेऊन ठेवणे १ सप्टेंबर २०२१ पासून सक्तीचे आहे, आणि हलाल ताटांचे ट्रे ठेवण्याची जागा बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तेवढे मात्र पाहून ठेवावे. विक्रेत्याला ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हटले की चालते. आपण मामा-मावशी म्हणतो तसेच ते आहे, वयाचा अपमान कोणी मानत नाही. एका माणसाचे पोट चार ते आठ डॉलरांत भरते, आणि सुट्या नोटा जवळ ठेवलेल्या बऱ्या, कारण काही ओट्यांवर परदेशी कार्ड घेत नाहीत.

चवीविषयी कोल्हापूरकरांच्या मनात एक भीती असते, की तेथे सगळे फिके असेल. ती अर्धीच खरी आहे. लक्सा या शेवयांच्या वाडग्यावर नारळाच्या दुधाचा तांबूस रस्सा आणि त्यावर तेलाचा तवंग असतो. पहिला घोट घेताच मुलगा म्हणाला, “आई, हा तर समुद्रावर गेलेला कट आहे,” आणि वाळलेल्या कोळंबीच्या वासामुळे ते वर्णन चपखल बसले. हैनानी चिकन राइस मात्र पाहून निराशा होते: पांढरा भात, पांढरे उकडलेले चिकन, काकडीचे काप. पण तो भात कोंबडीच्या अळणीत, म्हणजे तिखट नसलेल्या रश्श्यात शिजवलेला असतो, आणि बरोबरच्या मिरची-आल्याच्या चटणीशी खाल्ला की पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला त्याची खुमारी लगेच कळते. माझे यजमान तीन दिवसांत चार वेळा तेच जेवले. रोटी प्राटा हा आपल्या ओळखीचा परोटाच आहे. तो माशाच्या किंवा मटणाच्या रश्शाबरोबर देतात, डाळ हवी असेल तर तसे सांगावे लागते. डुरियन या उग्र वासाच्या फळाविषयी मी मत देणार नाही, फक्त इतकेच सांगते की ते खाऊन रेल्वेत शिरता येते, घेऊन शिरता येत नाही.

शाकाहारी माणसासाठी हे शहर अवघड नाही, पण फसवे आहे. ‘मांस नको’ एवढ्याने काम होत नाही, कारण साध्या भाजीतही कोळंबीची चटणी, माशाचे पाणी, कालवांचा सॉस किंवा डुकराची चरबी असू शकते, आणि अंडे तर बऱ्याच जणांच्या हिशोबात मांस नसतेच. हे एकेक नाव घेऊन विचारावे. सासूबाई मंगळवार आणि शुक्रवार पाळतात, आणि नेमक्या त्या मंगळवारी एका चिनी शाकाहारी ओट्यावर त्यांच्यापुढे हुबेहूब बदकाच्या मांसासारखी दिसणारी फोड आली. ती सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेली होती, पण कातडीच्या सुरकुत्यांसकट बनवलेला तो पदार्थ पाहून त्यांनी ताट बाजूला सारले, आणि मला त्यांचे चुकले असे वाटत नाही. बौद्ध पद्धतीच्या या ओट्यांवर कांदा-लसूणही सहसा घालत नाहीत, त्यामुळे जैन मंडळींना ते सोयीचे पडतात, फक्त नकली मांसाऐवजी भाजी आणि टोफू मागावे. ज्यांना हा प्रयोग नको त्यांनी सरळ लिटल इंडियात जावे. १९२४ पासूनचे आनंद भवन आणि सेरंगून रोडवरील १९४७ पासूनचे कोमला विलास ही दोन्ही शुद्ध शाकाहारी हॉटेले आहेत. केळीच्या पानावरचे तेथील जेवण पाहून सासूबाई चार दिवसांनी पहिल्यांदा हसल्या. गोमांस टाळणाऱ्यांनी मलाय ओट्यावर ‘बीफ’ नाही ना, हे विचारून घ्यावे. कोणी राग मानत नाही. ज्या शहरात प्रत्येकाचे काही ना काही वर्ज्य असते, तेथे हा प्रश्न रोजचाच असतो.

चहा-कॉफीचीही तेथे स्वतंत्र भाषा आहे. नुसते ‘कोपी’ म्हटले तर घट्ट गोड दुधाची कॉफी येते, ‘कोपी-ओ’ म्हटले तर बिनदुधाची पण साखरेची, आणि शेवटी ‘कोसोंग’ जोडले की बिनसाखरेची. चहाला ‘तेह’ म्हणतात आणि ‘तेह हालिया’ म्हणजे आल्याचा चहा. एवढा एक शब्द पाठ केला तरी मराठी माणसाची सकाळ निभावते. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्याला ते डब्यातील दूध पहिल्या दिवशी खटकेल, तिसऱ्या दिवशी खटकत नाही.

शहराची चार भाषांतील पाटी, म्हणजे इंग्रजी, मलाय, चिनी आणि तमिळ, विमानतळापासूनच दिसते, पण त्या पाटीचा अर्थ आम्हाला कळला तो वॉटरलू स्ट्रीटवर. कंपनीच्या कार्यक्रमात हा रस्ता नव्हता. तेथे कृष्णाचे मंदिर आणि चिनी लोकांच्या क्वान यिन देवीचे मंदिर अगदी एकमेकांशेजारी आहेत. देवीचे दर्शन घेऊन आलेल्या चिनी आजीबाई उदबत्त्यांचा जुडगा हातात धरून कृष्णापुढेही थांबतात, वाकतात, आणि मग भाजीची पिशवी उचलून घरी जातात. बाहेर फुले विकणाऱ्या बायका बसलेल्या, त्यांच्याकडे कमळाच्या कळ्या. सासूबाईंनी कळी घेतली आणि महाद्वारात घालतात तसा भाव घालून पाहिला. मिळाला नाही. त्याच रस्त्यावर १८७८ सालचे ज्यूंचे प्रार्थनामंदिरही आहे. चायनाटाउनमध्ये साउथ ब्रिज रोडवर जामे मशीद, १८२७ साली स्थापन झालेले मारिअम्मन मंदिर आणि २००७ सालचे बुद्धदंत मंदिर हे तिन्ही पाच-सात मिनिटांच्या चालीत लागतात. कंपनीची बस त्यांतल्या शेवटच्यापुढे दहा मिनिटे ‘फोटो स्टॉप’ म्हणून थांबली होती. फिरण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हिंदू मंदिरे बहुतेक दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळीच उघडतात. आणि सोनेरी घुमटाच्या सुलतान मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून, हातपाय झाकून जावे. कपडे आखूड असतील तर तेथे झगा देतात. त्या घुमटाच्या पायथ्याचा काळा पट्टा काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरीब भाविकांनाही आपला वाटा देता यावा म्हणून त्या बाटल्या गोळा केल्या होत्या असे सांगतात. खालून नीट पाहिले की बुडे ओळखू येतात.

येथे थोडे विषयांतर करते. तेथील सुमारे ऐंशी टक्के लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या समाजाचे जास्तीत जास्त किती प्रमाण असावे हे ठरवून दिले आहे, म्हणजे एकाच समाजाची वस्ती होऊ नये. राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात प्रत्येक समाजासाठी वेगवेगळी बोर्डिंगे निघाली, कारण त्या काळी मुलांना आधी शहरात पाय ठेवायला जागा हवी होती. एका ठिकाणी वेगळे छत देऊन आणि दुसऱ्या ठिकाणी छत वाटून घ्यायला लावून राज्यकर्त्यांनी हा प्रश्न सोडवू पाहिला. कोणत्याही उपनगरी स्थानकावर उतरून अशा एखाद्या इमारतीखालच्या मोकळ्या ओसरीत अर्धा तास बसावे. आम्ही बसलो त्या संध्याकाळी एका टोकाला मलाय लग्नाची मांडणी चालली होती आणि दुसऱ्या टोकाला चिनी आजोबा पट मांडून खेळत होते. तिकीट नाही, रांग नाही.

हे सगळे शक्य झाले ते तेथील एमआरटी या शहरी रेल्वेमुळे, आणि सेवेचे परीक्षण करायचेच तर माझ्या मते पूर्ण गुण हिलाच. १९८७ साली सुरू झालेल्या या रेल्वेसाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. आपले संपर्करहित बँक कार्ड फाटकावर टेकवून आत जायचे आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचे, बसमध्येही तसेच. त्यात तीन खाचा आहेत. कार्डावर परदेशातील व्यवहार सुरू करण्याची सोय बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी चालू करावी लागते. एका कार्डावर एकच प्रवासी जाऊ शकतो, त्यामुळे चौघांना चार कार्डे हवीत. आणि परदेशी कार्डाला वापराच्या प्रत्येक दिवशी ६० सेंटचे वेगळे शुल्क पडते. तीन-चार दिवसांहून अधिक राहणार असाल किंवा घरातील ज्येष्ठांकडे असे कार्ड नसेल तर स्थानकावर मिळणारे प्रवास कार्ड बरे. एका फेरीला साधारण सव्वा ते अडीच डॉलर लागतात. प्रत्येक स्थानकाला लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना एकही जिना चढावा लागला नाही. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहावे, उजवी बाजू घाईत असणाऱ्यांची. डब्यात खाण्या-पिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे आणि यात पाणीही आले, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. बसथांब्यावर हात केल्याशिवाय बस थांबत नाही, हे मात्र अगदी आपल्यासारखे. विमानतळावरूनही हीच रेल्वे शहरात येते. मध्यरात्रीनंतर ती बंद असते आणि टॅक्सीला निम्मे भाडे जादा पडते, म्हणून विमानाची वेळ निवडताना हाही हिशोब करावा.

पावसाची सवय आपल्याला आहे, पण तो पाऊस वेगळा. आपल्याकडे आषाढात चार-चार दिवस झड लागते आणि पंचगंगेच्या पातळीकडे डोळे लावून बसावे लागते. तेथे ऊन असताना दहा मिनिटांत आभाळ काळे होते, तासभर धो-धो कोसळते, आणि पुन्हा ऊन. वर्षभर असेच, नोव्हेंबर ते जानेवारीत जरा अधिक. म्हणून उघड्यावरची ठिकाणे सकाळी आणि संध्याकाळी ठेवावीत, दुपार संग्रहालयाला किंवा जेवणाला द्यावी. १८५९ सालची बोटॅनिक गार्डन्स पहाटे पाचपासून उघडी असते, प्रवेश विनामूल्य आहे, आणि सकाळी आठला ती पाहून झालेली असावी. गार्डन्स बाय द बे मधील लोखंडी महावृक्षांचा प्रकाश-खेळ संध्याकाळी पावणेआठला आणि पावणेनऊला असतो. त्यालाही तिकीट नाही. कंपनीने तो आम्हाला काचघरांच्या तिकिटाबरोबर जणू भेट म्हणून ‘दाखवला’. सुती कपडे, लगेच वाळणारी पादत्राणे आणि ज्येष्ठांसाठी एक शाल असावी. शाल उन्हाच्या गावी कशाला, असे वाटेल, पण रेल्वेत आणि मॉलमध्ये वातानुकूलन इतके कडक असते की सासूबाईंनी ती शेवटपर्यंत खांद्यावरून काढली नाही. कोल्हापुरी चप्पल मात्र नेऊ नये. एका सरीत ती भिजली की तेथील दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. माझी वाळली नाही.

पैशांचे थोडक्यात. वातानुकूलित उपाहारगृहात मेनूवरील किमतीपुढे दोन अधिक-चिन्हे दिसली तर त्यात १० टक्के सेवाशुल्क आणि वर ९ टक्के कर मिळवावा लागतो, म्हणजे शंभराचे जवळजवळ एकशेवीस होतात. बक्षिसी कोणी मागत नाही, हॉकर सेंटरमध्ये हे शुल्कही नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, त्यामुळे बसमध्ये एक डॉलरला मिळणारी बाटली घेण्याऐवजी घरून रिकामी बाटली न्यावी. विजेच्या खोबणीत तीन चपट्या पायांचे, ब्रिटिश पद्धतीचे अडॅप्टर लागते. च्युइंगगम विकत मिळत नाही, १९९२ पासून त्यावर बंदी आहे. रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी मद्य पिता येत नाही.

सेंटोसा बेट आणि तेथील मनोरंजन उद्यान यांच्याबाबतीत कंपनीची बाजू पुन्हा वरचढ ठरली. तिकिटे गटाच्या दराने मिळाली होती, रांग वेगळी होती आणि मुलाचा दिवस मजेत गेला. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत आणि सहलीचा गाभाच तो आहे, त्यांना माझ्या तक्रारी बिनमहत्त्वाच्या वाटतील. आमचा सहल व्यवस्थापक असलेला मुलगाही माणूस म्हणून चांगला होता. सासूबाईंना ‘आजी’ म्हणत त्याने रोज आधी त्यांची विचारपूस केली. आम्ही रेल्वेने जाऊ म्हटल्यावर मात्र त्याचा पहिला प्रश्न होता, “वहिनी, हरवलात तर?” त्या शहरात हरवणे फार कठीण आहे, हे त्याला ठाऊक होते, पण बत्तीस माणसांची जबाबदारी अंगावर असलेल्या मुलाने दुसरे काय विचारावे?

परत आल्यावर कंपनीच्या कार्यालयात हिशोब मिटवायला गेले तेव्हा टीसीएसचे, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आगाऊ वसूल केलेल्या प्राप्तिकराचे प्रमाणपत्र मागून घेतले. परदेशी सहलीच्या बिलात हा कर धरलेला असतो आणि विवरणपत्र भरताना त्याचा परतावा किंवा वजावट मिळते, पण प्रमाणपत्र आपणहून कोणी हातात ठेवत नाही. तेथेच मी विचारले, की पुढच्या वेळी फक्त व्हिसा, विमानाची तिकिटे, रेल्वे स्थानकाजवळचे हॉटेल आणि एका दिवसाची मनोरंजन उद्यानाची तिकिटे, एवढेच मिळेल का. मुलीने संगणकात पाहिले आणि मिळते म्हणाली. आम्ही दिलेल्या रकमेपेक्षा माणशी सुमारे वीस हजारांनी कमी. मग हे बाहेरच्या फलकावर का नाही, असे विचारल्यावर ती हसून म्हणाली, “मॅडम, कुणी विचारतच नाही.”